गुरुवारी नळ आला नाही

घरातलं एकुलतं एक गजराचं घड्याळ मी देवाला देऊन टाकलं. देवाने ते मागितलं नव्हतं. मागितलं होतं सांगवीच्या एका हॉलमध्ये दर शुक्रवारी उपास-प्रार्थना घेणाऱ्या ब्रदर जयवंत यांनी, आणि तेही आडून. पण त्या वयात मला देव आणि ब्रदर यांच्यातला फरक कळत नव्हता, आणि ब्रदरना तरी तो कळत असावा अशी काही खूण दिसत नव्हती. मी तेव्हा चाकणच्या एका कारखान्यात ट्रेनी होतो. फर्स्ट शिफ्टची कंपनीची बस उजाडायच्या आत नाशिक फाट्यावर यायची, कोणाच्या बापासाठी थांबायची नाही, आणि बस चुकवणारा ट्रेनी परमनंट होत नाही हे कंपनीच्या गेटवर पडून असणाऱ्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं. अशा नोकरीतल्या, आणि कानाशी ताशा वाजवला तरी कूस न बदलणाऱ्या माणसाने गजराचं घड्याळ दान करावं, याला शास्त्रात बहुधा एखादा चांगला शब्द असेल. आमच्या चाळीत त्याला गाढवपणा म्हणत.

चाळ पिंपळे गुरवला होती. आता तिथे उंच टॉवर आहे, त्याच्या लिफ्टमधली बाई प्रत्येक मजल्याला इंग्रजीत बोलते, आणि तिथल्या पोरांना सांगितलं की बाबांनो, इथे पत्र्याची चाळ होती, तर ती मोबाइलमधून मान वर न करता ‘हो का’ म्हणतात. त्या चाळीत ज्याच्या त्याच्या गावाचा वास ज्याच्या त्याच्या दारातून यायचा. एका बाजूला कोकणातल्या राणेकाकूंच्या खोलीतून ओल्या खोबऱ्याचा, दुसऱ्या बाजूला लातूरकडच्या बिऱ्हाडातून तव्यावरच्या ज्वारीच्या भाकरीचा, आणि मधल्या आमच्या खोलीतून कांदा घालून परतलेल्या सुकटीचा. आम्ही नगरकडचे, आणि चाळीत एकटेच ख्रिस्ती. त्याचं कोणाला काही वाटत नसे. नाताळात आईच्या करंज्या सगळ्या खोल्यांत जात, दिवाळीत सगळ्या खोल्यांच्या करंज्या आमच्याकडे येत, आणि दोन्ही वेळेला राणेकाकू आईला ऐकवत की सारण कोरडं झालंय. दोन खोल्यांचा संसार. बाहेरच्या खोलीत अप्पा आणि त्यांचा खोकला. आतल्या खोलीत आई, स्टोव्ह, मोरी, मोरीतला नळ, आणि मोरीकडे डोकं करून झोपणारा मी.

त्या चाळीचा खरा मालक नळ होता. पाणी पहाटे यायचं, बारीक यायचं, आणि चहा होईस्तोवर निघूनही जायचं. यायच्या आधी नळ दोनदा खाकरायचा, मग एक लांब उसासा टाकायचा, आणि मग धार लागायची. म्हणून चाळीतल्या बायका झोपताना तोटी उघडीच ठेवत. पाणी आलं की आवाज होईल, आवाज झाला की जाग येईल, असा तो हिशेब. आई तोटी उघडायची, खाली हंडा सरकवायची, हात जोडून ‘प्रभू, पाणी सोड बाबा’ एवढंच म्हणायची आणि आडवी व्हायची. तिची निजायच्या वेळची प्रार्थना ती एवढीच. मला तिची लाज वाटायची. ब्रदर जयवंत अर्धा अर्धा तास प्रार्थना करत, डोळे गच्च मिटून करत, कोणाला न कळणाऱ्या भाषेत करत, सफारीच्या काखा भिजेपर्यंत करत. आणि आमची आई देवाशी बोलायची ते पाणीखात्यातल्या ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं.

आता घड्याळाकडे येतो. अप्पा पिंपरीच्या एका फाउंड्रीत भट्टीवर होते. वर्षभर एकही खाडा न केल्याबद्दल कंपनीने त्यांना ते घड्याळ दिलं होतं. लालसर तांबूस रंगाचं, वर दोन घंटा असलेलं, आणि मागच्या पत्र्यावर अप्पांचं नाव, पाटोळे, कोरलेलं. अप्पांना आयुष्यात मिळालेली ती एकमेव शाबासकी. त्यांना स्वतःला त्याची गरज नव्हती. भट्टीवरच्या माणसाच्या अंगातच शिफ्ट भिनलेली असते. पण रोज संध्याकाळी चावी तेच देत, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत, आणि ते घड्याळ फळीवर बायबलच्या शेजारी, बायबलपेक्षा किंचित पुढे असायचं. गजर व्हायच्या आधी ते उचकी दिल्यासारखा एक ठोका द्यायचं आणि मग असं कोकलायचं की लातूरकरांचं तान्हं पोर रडायला लागे. मी उठायचो तो त्या घड्याळामुळे नव्हे, त्या पोरामुळे. पण ते असो.

ब्रदर जयवंत कुठून आले ते कोणालाच माहीत नव्हतं. आमच्या नेहमीच्या चर्चचे पाळकसाहेब थकलेले, साधे, सायकलवर फिरणारे गृहस्थ. त्यांचा उपदेश ऐकताना आम्ही तरुण मंडळी झोपायचो. ब्रदरच्या सभेत झोपणं शक्य नव्हतं. तिथे कीबोर्ड होता, माइक होता, आणि ब्रदर मधूनच ‘बोला आमेन’ म्हणून गर्जत. ते शुक्रवारी उपास करत, म्हणजे सकाळच्या नाष्ट्यानंतर करत, आणि संध्याकाळी कोणा ना कोणाच्या घरी मटणावर सोडत. त्यांचा विषय एकच: विश्वास. ज्याने विमा काढला त्याने देवाला दिवाळखोर ठरवलं. ज्याने औषध घेतलं त्याने देवाला अडाणी वैद्य ठरवलं. हे सांगताना त्यांच्या नाकावर सोनेरी काडीचा, बऱ्याच जाड भिंगांचा चष्मा असे. पण देवाने डोळे का बरे केले नाहीत, असं विचारण्याएवढी अक्कल आमच्यापैकी कोणाला नव्हती.

एका शुक्रवारी त्यांनी मला नाव विचारलं. मी म्हणालो, शमुवेल. झालं. बायबलातल्या शमुवेलाची गोष्ट आमच्या घरच्या मांजरालाही पाठ असेल: लहानगा शमुवेल मंदिरात झोपलेला असतो, देव त्याला नावाने हाक मारतो, आणि पोर उठून म्हाताऱ्या याजकाकडे धावतं, कारण त्याला वाटतं हाक त्यानेच मारली. ब्रदरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या हॉलला विचारलं की शमुवेलाला कोणी उठवलं. हॉल म्हणाला, देवाने. ब्रदरनी विचारलं, शमुवेलाकडे गजराचं घड्याळ होतं काय. हॉल म्हणाला, नव्हतं. मग आजच्या शमुवेलाला ते कशाला लागतं, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यात मी विरघळलो. आतापर्यंत शाळेत, चर्चमध्ये, कंपनीत, कुठेही कोणी माझ्या नावावरून एवढं बोललं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी अप्पा ड्युटीवर असताना मी घड्याळ वर्तमानपत्रात गुंडाळलं, सांगवीला नेलं आणि अर्पणाच्या पिशवीत मावेना म्हणून टेबलावर ठेवलं. हॉलने हालेलुया केलं. घड्याळाने, हलवल्यामुळे असेल, एक उचकी दिली.

अप्पांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते फळीकडे बघत उभे राहिले, मग जेवायला बसले, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचे बंद झाले. जे काही असेल ते आईमार्फत. मी ताटासमोर बसलेलो असायचो आणि ते म्हणायचे, ‘त्याला सांग, कालवण वाढून घे म्हणावं.’ आई मला सांगायची, कालवण वाढून घे. मी आईला सांगायचो, घेतो म्हणून सांग. असा टपाल खात्याचा कारभार. मला वाटायचं, विश्वासासाठी छळ सोसावा लागतो तो हाच. त्यात मी घरात नवीन कायदा केला की मला कोणी हात लावून, हाक मारून उठवायचं नाही. उठवलं तर देवाचा अपमान होईल. आईने फक्त विचारलं, ‘आन् बस?’ मी म्हणालो, देव उठवील. ती म्हणाली, ‘बरं.’ आईच्या ‘बरं’मध्ये काय काय मावतं ते कळायला मला फार वर्षं लागली.

आणि देवाने उठवलं. पहिल्याच सकाळी. आधी झोपेत कुठूनतरी वारा वाहिल्यासारखा मोठा श्वास आला, आणि मग कोणी शेकडो बारीक घंटा एकदम हलवाव्यात तसा नाद. तो वाढत वाढत गेला, डोक्यात शिरला, दातात वाजला. मी उठून बसलो तर अंधार, स्टोव्हचा निळा जाळ, आणि आई पाठमोरी पाणी भरत असलेली. मी विचारलं, ‘तू ऐकलंस?’ ती म्हणाली, ‘काय ते? तोंड धू.’ मी समजलो की हा नाद फक्त मलाच ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. कधी श्वास लांब, कधी घंटा कमी. पण बस एकदाही चुकली नाही.

यानंतर मी जो काही माणूस झालो त्याची आज मला किळस येते, आणि थोडं हसूही. शुक्रवारच्या सभेत उभं राहून मी साक्ष दिली. पहिल्यांदा साधी दिली: देवाने उठवलं. मग दर शुक्रवारी ती वाढत गेली. श्वासाचा सोसाट्याचा वारा झाला, घंटांच्या झांजा झाल्या, एकदा तर मी पंखांची फडफडही घातली. ब्रदर मला स्टेजवर आपल्या शेजारी बसवू लागले. कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून पेंगणाऱ्या पोरांकडे कीव करून बघायचो. पोरं म्हणायची, ‘भावा, तुझ्या देवाला सांग, रविवारी आमाला नको उठवू.’ आमचे सुपरवायझर लोखंडेसाहेब, उदगीरकडचे, रोज देवपूजा करून येणारे. त्यांनाही मी मशिनशेजारी उभं राहून विश्वासाने जगणं म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या हातातला मापाचा गेज काढून दाखवला, तो मी उलटा धरला होता. चाळीत राणेकाकूंना सांगितलं, तर त्या तोंडाला पदर लावून एकदम स्टोव्हकडे वळल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, बाई हिंदू असूनही तिला पवित्र आत्म्याने स्पर्श केला.

परमनंटची यादी लागायचे दिवस जवळ आले. लोखंडेसाहेबांनी सगळ्या ट्रेनींना बजावलं होतं की शनिवारी यादी लागेल, तोवर एक खाडा किंवा एक उशीर झाला तरी नाव कापलं जाईल आणि पुन्हा सहा महिने झाडू मारायला लागेल. घरी याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. अप्पांची छाती भट्टीच्या धुराने भरली होती, डॉक्टरने काम सोडा म्हणून सांगितलं होतं, आणि ते माझ्या परमनंट होण्याची वाट बघत होते. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं; बोलतच नव्हते. त्यांचा खोकला सांगायचा. मी विचार केला, एवढ्या मोठ्या गोष्टीसाठी खास प्रार्थना हवी, आणि रविवारी दुपारी ब्रदरच्या खोलीवर गेलो. ब्रदरनी माझ्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि सुरू केलं: हे प्रभू, तुझ्या वेळेची आम्ही वाट पाहतो, घाई माणसाची, समय तुझा. इतक्यात पडद्यामागून एक उचकी आली. ती उचकी मी हजारांत ओळखली असती. आणि मग आमचं घड्याळ कोकललं. ब्रदरनी डोळे उघडले नाहीत, प्रार्थना थांबवली नाही. माझ्या डोक्यावरचा एक हात उचलला, पडद्यात घातला, न चाचपडता नेमकी कळ दाबली, आणि हात पुन्हा माझ्या डोक्यावर आणून ठेवला. रोजचा सराव असल्याशिवाय तसं जमत नाही. मग तीन वाक्यांत आमेन झालं, कारण दापोडीला एका घरी त्यांना जेवायला बोलावलं होतं आणि मटण थंड झालं असतं.

एखाद्या शहाण्या पोराने तिथेच कपाळाला हात लावला असता. मी काय केलं? मी रस्त्याने परत येताना देवाचे आभार मानले की माझा विश्वास ब्रदरपेक्षाही मोठा आहे.

बुधवारी संध्याकाळी भोंगा लावलेली रिक्षा चाळीपुढून गेली: दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहील, नागरिकांनी नोंद घ्यावी. चाळीत धावपळ उडाली. बायकांनी पलीकडच्या बोअरवरून हंडे, बादल्या, डबे, पातेली, जे सापडेल ते भरून घेतलं. आईने शेवटचा हंडा मोरीत टेकवला, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि म्हणाली, ‘शमू, उद्या नळ यायचा न्हाई. तुजं तू बघ.’

मी म्हणालो, ‘मला नळाशी काय घेणं?’

ती काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, ‘काय न्हाई. जेव.’ अप्पांना त्या आठवड्यात नाइट शिफ्ट होती. ते डबा घेऊन निघाले, दारात थांबले, आईला म्हणाले, ‘त्याला सांग, शनवारी यादी हाय.’ आई मला म्हणाली, शनवारी यादी हाय. मी म्हणालो, सांग त्यांना, देव विश्वासू आहे.

गुरुवारी मला जाग आली ती तोंडावर ऊन पडल्यामुळे. मोरीच्या पत्र्याला एक भोक होतं, त्यातून ते यायचं, पण मी ते तोवर कधी पाहिलंच नव्हतं. चाळ शांत होती, इतकी की राणेकाकूंच्या घरातला पंखा ऐकू येत होता. आणि कोपऱ्यात आई झोपली होती; भिंतीकडे तोंड, पाय पोटाशी. तिला झोपलेलं मी त्याआधी पाहिल्याचं मला आठवेना. पाणी भरायचं नाही म्हणून त्या बाईने वर्षातनं एकदा डोळे मिटले होते.

मी शर्टाची बटणं रस्त्यात लावली. नाशिक फाट्यावर बस असायचं काही कारणच नव्हतं. सहा सीटर रिक्षाने भोसरी, तिथून मोशी, तिथून दुसऱ्या सहा सीटरमध्ये कांद्याच्या पोत्यांवर बसून चाकण. पोत्यांचा मालक, धोतरवाला म्हातारा, समोरच बसला होता. मी डोळे मिटून ओठ हलवत होतो. प्रार्थना अशी होती की देवा, गेटवरचं घड्याळ बंद पाड. म्हाताऱ्याने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘पोटात दुखतंय व्हय?’ मी म्हणालो, उशीर झालाय, देवाचा धावा करतोय. तो म्हणाला, ‘मंग त्याला सांगा, डायवर बिडी प्यायला थांबलाय, तेवढं बघ.’ ड्रायव्हर खरंच थांबला होता, आणि चांगली शेवटपर्यंत ओढून आला.

गेटवर लोखंडेसाहेब स्वतः उभे होते. त्यांना राग आला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर गेज उलटा धरला होता तेव्हाचाच शांतपणा होता. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, मग माझ्याकडे. ‘काय रे शमुवेल, आज तुझा देव सेकंड शिफ्टला हाय का?’ मागे वॉचमन हसला. मी हसलो नाही. शनिवारी यादी लागली तेव्हा मला ती वाचायला जायची गरज नव्हती. पुढचे सहा महिने मी झाडू मारला, आणि अप्पा सहा महिने जास्त भट्टीवर उभे राहिले. यातला दुसरा भाग लिहिताना अजूनही पेन थांबतं.

गुरुवारी संध्याकाळी मी जेवलो नाही. आईला सगळं कळलेलं होतं. चाकणच्या बसमधली पोरं आमच्याच भागातली, बातमी माझ्या आधी पोचली होती. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो, आणि देवाने मला का सोडलं याचा हिशेब करत राहिलो. पापांची बेरीज काही जमेना. त्या वयात पापं करायला लागणारे पैसेही नव्हते. पहाटेकडे मी टक्क जागा होतो, म्हणून त्या चाळीत आल्यापासून पहिल्यांदा मला नळ खाकरताना ऐकू आला. एकदा, दोनदा. मग लांब उसासा. तो उसासा मी ओळखला: हाच तो वारा. आणि मग शेकडो घंटा. मी मान वळवली. मोरीत, उघड्या नळाखाली, हंड्याच्या तोंडावर एक भलीमोठी पितळी परात उपडी घातलेली होती. बारीक धार तिच्यावर पडत होती आणि परात गात होती, माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर.

आई उठली. परात काढून भिंतीला लावली, हंडा धारेखाली सरकवला. मग तिला माझे उघडे डोळे दिसले.

मी विचारलं, ही कोणाची परात. आमच्या घरात एवढं पितळ नव्हतं. ती म्हणाली, राणेबाईंची. मग हळूहळू सगळं बाहेर आलं, पाणी भरता भरता, माझ्याकडे न बघता. घड्याळ गेलं तेव्हा दोघींनी बसून भांडी वाजवून पाहिली होती. स्टीलचं ताट टणटण करायचं पण माझी झोप त्याला दाद देणार नाही असं ठरलं. ॲल्युमिनियमचं पातेलं मेलेलं. मग राणेकाकूंनी लग्नात मिळालेली परात काढून दिली. मी झोपलो की आई ती हंड्यावर घालायची आणि पहाटे मी उठून बसेपर्यंत काढूनही ठेवायची. सगळ्या चाळीला माहीत होतं. लातूरकरांचं पोर त्या आवाजाने उठायचं, तरी ते काही बोलले नव्हते. मी झांजा आणि पंख सांगत फिरत होतो आणि सगळी चाळ पदर तोंडाला लावून ऐकत होती.

‘मग मला हलवलं का नाहीस?’ मी म्हणालो.

‘तूच म्हनला व्हतास, हात लावायचा न्हाई. न्हाई लावला.’

‘आणि काल?’

तिने हंडा बाजूला ओढला. ‘काल म्या पन झोपले, बाबा. लई दिवसांनी.’

त्या शमुवेलाने देवाची हाक ऐकली आणि ती माणसाची समजला. मी माणसाची खटपट ऐकली आणि ती देवाची समजलो. त्याचं पोरपण होतं, माझा माज होता. आज या वयात मला वाटतं की मी अगदीच चुकलो होतो असंही नाही. कारण आईने नंतर एकदा सांगितलं, त्या दिवसांत तिची प्रार्थना थोडी लांबली होती. तोटी उघडून, परात उपडी घालून ती म्हणायची, ‘प्रभू, पाणी सोड बाबा, आन् ह्या खुळ्याला उठव.’ देवाने ऐकलं, पाणीखात्याने ऐकलं, राणेकाकूंनी परात दिली. विश्वास म्हणतात तो मला त्या मोरीत दिसला. तोटी उघडी ठेवायची, हंडा खाली लावायचा, आणि मग निवांत झोपायचं. तोटी बंद करून तोंड उघडं ठेवणारे मी पुढे ढिगाने पाहिले. आता ते मोठ्या पडद्यावर दिसतात, त्यांच्या सभेला पार्किंगला जागा मिळत नाही, आणि माझा नातू मला त्यातल्या एकाचे व्हिडिओ पाठवतो. सोनेरी काडीचा चष्मा अजून चालतो. जाड भिंगं गेली, डोळ्यांचं लेझर आलं.

शुक्रवारी मी कामावरून आलो तर आई लुगडं बदलून तयार. म्हणाली, चल सांगवीला. हॉलमध्ये सभा सुरू व्हायची होती. ब्रदरना गुरुवारची बातमी लागली असावी, कारण त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आज साक्ष देताना कालचा विषय नको, तो सैतानाचा अडथळा होता. आई मागेच उभी होती. तिने नमस्कार-सलाम काही केला नाही. म्हणाली, ‘आमचं घड्याळ द्या.’ ब्रदरनी आवाज मऊ करून समजावलं की ताई, जे एकदा देवाला वाहिलं ते परत घेता येत नाही.

आई म्हणाली, ‘देवाला कशाला लागतंय गजराचं घड्याळ? त्यो झोपतोय कवा?’

पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी ऐकलं. ब्रदर म्हणाले, ते आता देवाच्या कामाचं आहे. आई म्हणाली, ‘आना तर खरं. मागच्या पत्र्यावर बघू, देवाचं नाव हाय का पाटोळ्याचं.’ ब्रदरनी एकदा हॉलकडे पाहिलं, एकदा माइककडे, आणि खोलीवरून घड्याळ आणवलं. आईने ते उलटून नाव पाहिलं, पदरात घेतलं आणि निघाली. मी तिच्या मागून निघालो. मला त्या दिवशी साक्ष द्यायची होती. तिने माझ्या वतीने दिली, आणि ब्रदरच्या सभेतली ती पहिली साक्ष असेल जिच्यात एकही शब्द फुगवलेला नव्हता.

घरी अप्पा नाइटला निघायच्या तयारीत होते. आईने घड्याळ त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते धोतराच्या सोग्याने पुसलं, कानाला लावलं, चावी दिली, काटा सरकवला. मला वाटलं ते फळीवर ठेवतील. ते आतल्या खोलीत आले, वाकले, माझ्या उशाशी मोरीच्या कडेला घड्याळ ठेवलं, आणि खोकत उभे राहिले. मी सवयीने आईकडे बघितलं, ती काय निरोप सांगते म्हणून. पण अप्पा माझ्याकडे बघत होते.

‘हे वाजलं की उठायचं,’ ते म्हणाले. ‘देवाला दुसरी पन लेकरं हायेत.’